पाऊस मोजा, बी मोजा, सावली मोजा : तिसरी ते पाचवीच्या मुलांचे हातचे प्रकल्प

प्राथमिक शाळेतल्या ‘प्रकल्पा’ची एक ठरलेली गत असते. विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागते, आदल्या रात्री आईवडील जागतात, स्टेशनरीच्या दुकानातून तयार सूर्यमाला येते आणि सकाळी खायचा सोडा घातलेला ज्वालामुखी टेबलावर फसफसतो. शेजारी उभं असलेलं मूल पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. बघायला मजा येते, पण त्या मुलाने काही शोधलेलं नसतं. ज्वालामुखी फसफसणार हे व्हिनेगर ओतायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं.

नव्याने रुजू झालेले शिक्षणसेवक आणि शनिवारी गावातल्या शाळेत जाणारे स्वयंसेवक यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रकल्प निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. उत्तर आधी कुणालाच माहीत नसावं, अगदी गुरुजींनाही. आणि उत्तर मिळाल्यावर घरी कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा. खाली दिलेले पहिले दोन प्रकल्प या कसोटीवर पुरेपूर उतरतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

वेळेचं म्हणाल तर २०२४ पासून राज्यात ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे दप्तराविना उपक्रमांचा शनिवार, सुरू झाल्यामुळे आठवड्यातला एक दिवस हक्काचा मिळतो. केंद्राच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातले दहा दप्तराविना दिवस सहावी ते आठवीसाठी आहेत. प्राथमिकला त्यांची वाट बघायचं कारण नाही.

सुरुवातीची तयारी

सामान फार लागत नाही. बोथट टोकाच्या चार-पाच कात्र्या, सुतळी, रुंद चिकटपट्टी, मोजपट्ट्या, जुनी वर्तमानपत्रं, गोणपाटाचे तुकडे, निरनिराळ्या मापांचे रिकामे डबे आणि बाटल्या. एवढं एका खोक्यात भरा आणि खोक्यावर यादी चिकटवा. शाळा अनुदान कधी येईल त्यावर हा उपक्रम अवलंबून ठेवू नका. मुख्याध्यापकांना आधी सांगा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन वाक्यांत कल्पना द्या. मुलं चिखलात का बसली आहेत, हे नंतर समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

गट चार-चार मुलांचे करा. द्विशिक्षकी शाळेत वर्ग एकत्रच बसतात, त्याचा इथे फायदाच होतो : प्रत्येक गटात तिसरीचं एक आणि पाचवीचं एक मूल येऊ द्या. कामं चार : मोजणारा, लिहिणारा, नीट मोजलं का ते पडताळणारा आणि सामान सांभाळणारा. ही कामं दर आठवड्याला फिरवायचीच. नाही फिरवली तर सुवाच्य अक्षराची मुलगी वर्षभर लिहीत राहते आणि हत्यारं मुलांच्याच हातात राहतात. हे आपोआप होतं, कुणी ठरवून करत नाही, म्हणून तुम्हीच लक्ष ठेवायचं.

प्रत्येक गटाला एक वही द्या. वहीचा नियम कडक : आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. अंदाज खोडायचा नाही. चुकलेल्या अंदाजाखाली रेघ मारून शेजारी मोजलेला आकडा लिहायचा. सुरुवातीला मुलं हळूच रबर काढतात आणि अंदाज ‘बरोबर’ करून टाकतात. रागवू नका. पेनने लिहायला सांगा, प्रश्न मिटतो.

पहिला प्रकल्प : पर्जन्यमापक

शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात त्यानंतर आठवडाभराने. पाऊसही त्याच सुमाराला येतो. म्हणून वर्षाची सुरुवात यानेच करा.

बाटली कापायच्या आधी एक प्रश्न टाका. अंगणात पातेलं, पेला आणि बादली पावसात ठेवली तर पाणी कशात जास्त उंच चढेल? बहुतेक मुलं पेला म्हणतील, कारण तो अरुंद. काही जण बादली म्हणतील, कारण ती मोठी. कुणाचंही चूक-बरोबर करू नका, अंदाज वहीत जाऊ द्या. पहिल्या पावसात तिन्ही भांडी ठेवा आणि मोजपट्टी बुडवून उंची मोजा. सरळ उभ्या भिंतीची भांडी असतील तर अरुंद असो वा रुंद, पाण्याची उंची सारखीच भरते. बादली वर पसरट असते, त्यामुळे तिच्यात उंची जास्त येते : तोंड मोठं असल्याने ती पाऊस जास्त गोळा करते आणि तळ लहान असल्याने तेच पाणी वर चढतं. पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे चौथीच्या मुलाला यातून जितकं कळतं तितकं फळ्यावरच्या कुठल्याही आकृतीने कळत नाही. या एका चर्चेला अख्खा शनिवार गेला तरी जाऊ द्या.

आता मापक बनवायचं.

१. दोन लिटरची, सरळ अंगाची पारदर्शक बाटली घ्या. कमरेत बारीक झालेली किंवा अंगावर वळ्या असलेली चालत नाही. चांगली बाटली मिळाली नाही तर उभट बरणी घ्या.

२. निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथून बाटली कापा. हे काम मोठ्यांचं. कडांना चिकटपट्टी लावा, कापलेलं प्लास्टिक बोट चिरतं.

३. वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. पाणी उडून जाणं कमी होतं आणि पालापाचोळाही अडतो. बाटलीचं आणि नरसाळ्याचं तोंड एकाच रुंदीचं असल्यामुळे आकडा बिघडत नाही.

४. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो. तिथे खडे टाका आणि बाटली सरळ व्हायला लागते त्या जागेपर्यंत पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. खडे त्या रेघेच्या वर येता कामा नयेत.

५. शून्यापासून वर मिलिमीटरच्या खुणा केलेली कागदी पट्टी चिकटवा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. मोजपट्टीवरून खुणा उतरवताना बघा, पुष्कळ प्लास्टिकच्या पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं.

६. वाळूने भरलेल्या घमेल्यात किंवा जमिनीत अर्धवट पुरून बाटली उभी करा. तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असावं, म्हणजे आपटून उडालेले थेंब आत जात नाहीत. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंडही एवढ्याच उंचीवर असतं. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. शाळेचं मैदान लहान असेल तर हे जमवताना कस लागतो. कौलांच्या पागोळीखाली मात्र चुकूनही नको.

मोजणी रोज एकाच वेळी. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं. शाळा उशिरा भरत असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे हे काम द्या. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, म्हणजे गुडघ्यावर बसणं आलं. बाटलीच्या कडेला पाणी थोडं वर चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही, मधली सपाट पातळी वाचायची. मग नोंद करून पाणी पुन्हा शून्यापर्यंत ओतून टाकायचं.

दोन बारकावे मात्र पहिल्याच दिवशी शिकवा. पाऊस पडला नाही तर ‘०’ लिहायचं, मोजायलाच कुणी गेलं नाही तर आडवी रेघ. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मोठ्या माणसांच्या नोंदवह्यांतही तो पाळला जात नाही. रविवार चुकला तर सोमवारचा आकडा ‘दोन दिवसांचा एकत्र’ असा लिहायचा, अर्धा-अर्धा वाटून टाकायचा नाही.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर शाळा असेल तर दिवसातून दोनदा मोजा. जुलैतल्या एखाद्या दिवशी बाटली भरून वाहील.

दहा-बारा दिवसांच्या नोंदी झाल्या की खरी गंमत सुरू होते. वर्तमानपत्रात तालुक्याचा पाऊस येतो. तो आणि तुमचा आकडा जुळणार नाही. मुलं लगेच म्हणतील, आपलं चुकलं. मुळीच नाही. पावसाची सर एका शिवारात पडते आणि ओढ्यापलीकडे कोरडं असतं, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं, फक्त आकड्याशी जोडलेलं नसतं. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. पंचनाम्यांच्या बातम्यांत तो आकडा येतो तेव्हा तिसरीतलं मूलही बाटलीवर बोट ठेवून दाखवतं की ‘इथपर्यंत’. त्याच्यापुढे २६ जुलै २००५ चा आकडा ठेवा : मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून तेवढी उंची मोजून खडूने रेघ मारा. पहिलीतलं पोर तिथे उभं केलं तर रेघ त्याच्या खांद्यापाशी येते.

पाचवीच्या मुलांना एक पाऊल पुढे न्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. वर्गाचं छत ८ मीटर बाय ६ मीटर असेल तर १० मिलिमीटर पावसात त्यावरून ४८० लिटर पाणी वाहून जातं. छताचं माप मुलांनीच घ्यायचं, अर्थात वर न चढता, खाली भिंतीच्या कडेने. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात हा हिशोब मांडला की पुढची चर्चा तुम्हाला घ्यावी लागत नाही.

दुसरा प्रकल्प : बियाणं उगवेल का?

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर पेरणीआधी उगवणक्षमता तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पुष्कळ घरांत ते राहून जातं. हे काम तिसरीची मुलं बिनचूक करू शकतात, आणि या आकड्यावर घरातला पैसा अवलंबून असतो.

एक इशारा आधी. पिशवीतून विकत आणलेलं, लाल-गुलाबी रंगाचं बियाणं मुलांच्या हातात द्यायचं नाही. त्याला बीजप्रक्रिया केलेली असते, म्हणजे औषध चोळलेलं असतं. फक्त घरी राखलेलं, काहीही न लावलेलं धान्य आणायला सांगा. आणि पहिली-दुसरीची मुलं आसपास असतील तर दाणे मोजून द्या, मोजून परत घ्या. हरभरा नाकात घालणारं एखादं पोर प्रत्येक शाळेत असतंच.

गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या आणि सपाट अंथरा. पोत्यातून न निवडता, मूठ घालून येतील ते १०० दाणे घ्यायचे. मुलं हमखास टपोरे दाणे वेचतात, कारण त्यांना आपला गट जिंकायला हवा असतो. इथे थांबा आणि विचारा : शेतात पेरताना बाबा असे निवडून पेरतात का? मग दहा-दहाच्या दहा ओळी लावा, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवून. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून हलक्या हाताने गुंडाळी करा, सुतळीने सैलसर बांधा आणि सावलीत ठेवा. सोयाबीनचं साल नाजूक असतं, गुंडाळी करकचून बांधली की दाणा दुखावतो. रोज पाणी शिंपडायचं, पण गोणपाट निथळता ठेवायचा नाही, नाहीतर दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी गुंडाळी सोडा.

मोजताना ‘उगवलं’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवा. नुसतं फुगलेलं चालेल का? मोड आला पण वाकडा, काळा पडलेला असेल तर? गटागटांत यावरून भांडण होईल, होऊ द्या. शेतात ज्याचं सशक्त रोप होईल असं वाटतं तेच धरायचं, एवढा निकष पुरतो.

शंभरपैकी ७० किंवा जास्त दाणे उगवले तर ते सोयाबीन बियाणं म्हणून चांगलं. त्याखाली आलं तर एकरी बियाणं वाढवावं लागतं किंवा ते बाजूला ठेवावं लागतं. एकाच पोत्यातल्या दाण्यांची तीन गटांनी वेगवेगळी चाचणी केली आणि समजा ७४, ८१ आणि ७६ आले, तर घरी काय सांगायचं? सरासरी शिकवायला याहून चांगली वेळ सापडायची नाही. सरासरी ७७. शंभरावर मोजल्यामुळे टक्केवारीचाही पाया आपोआप पडतो, तो शब्द पाठ्यपुस्तकात यायच्या आधी.

आता पर्जन्यमापक पुन्हा कामी येतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. मुलांनी पहिल्या दिवसापासूनची बेरीज फळ्याच्या कोपऱ्यात रोज वाढवत न्यायची. शाळा सुटल्यावर ‘बाबा, आज ६८ झाला’ हे घराघरांत पोचतं. पेरायचं कधी ते घरचे जमीन बघून ठरवतील. मुलांनी सल्ला द्यायचा नाही, आकडा द्यायचा, हे त्यांना आणि पालकांनाही स्पष्ट सांगून ठेवा.

विदर्भात शाळा उघडेपर्यंत काही भागांत पेरण्या उरकलेल्या असतात. तिथे हाच प्रकल्प रब्बीच्या तोंडावर हरभऱ्यावर करा. हरभऱ्याला अपेक्षा ८५ टक्क्यांची असते, ज्वारीला ७५ टक्क्यांची. शहरातल्या शाळेत शेत नसतं, पण शालेय पोषण आहाराच्या कोठीत मटकी असते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडून मूठभर मागून घ्या. एक वाटी कोरडी, एक पाण्यात पूर्ण बुडवलेली, एक ओल्या फडक्यात, एक ओल्या फडक्यात पण अंधाऱ्या कपाटात. मोड यायला उजेड लागतो असं मुलांचं ठाम मत असतं. कपाटातली वाटी उघडताना त्यांचे चेहरे बघा.

तिसरा प्रकल्प : सावलीची काठी

हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, आकाश निरभ्र असतं तेव्हाचा. दुपारी बारा वाजता सावली पायाखाली येते हे जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस सांगतो. ते खरं आहे का, एवढाच प्रश्न.

सपाट जागी कागद किंवा पुठ्ठा पसरा आणि ३० सेंटिमीटरची काठी मातीच्या गोळ्यात उभी करा. सरळ उभी आहे की नाही हे ओळंब्याने तपासा. वर्गात एखाद्या गवंड्याचं मूल असतं, ओळंबा त्याच्याकडून आणा आणि तो कसा धरायचा हे त्यालाच शिकवू द्या. साडेअकरापासून दीडपर्यंत दर १५ मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठिपका द्या, शेजारी वेळ लिहा. मध्येच जेवणाची सुट्टी येते, म्हणून पाळ्या आधीच लावा. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे प्रत्येक वेळी बजावा.

सर्वांत आखूड सावली बाराला येणार नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं, आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं उशीर. पुण्यात हा उशीर सरासरी ३५ मिनिटांचा, नागपुरात १४ च्या आसपास. शिवाय वर्षभरात तो पुढे-मागे सरकतो : पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला आखूड सावली १२.१८ च्या सुमाराला, तर फेब्रुवारीत १२.४९ ला. तिसरीच्या मुलांना यातलं रेखांशाचं गणित सांगू नका. ‘बाराला नाही, साडेबाराच्या पुढे-मागे’ हे त्यांनी स्वतः मोजलं की झालं. ती आखूड रेघ उत्तर-दक्षिण असते, तिच्यावरून शाळेचा नकाशा काढायला घ्या.

महिन्यातून एकदा तीच काठी, तीच जागा. पुण्याच्या आसपास आखूड सावली सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला १० सेंटिमीटर, डिसेंबरअखेरीला २७ आणि एप्रिलच्या मध्यावर पाचहून थोडी कमी असते. तुमच्या गावी वेगळी येईल. हे आकडे मुलांना आधी सांगितलेत तर प्रकल्प संपला, म्हणून स्वतःपाशीच ठेवा.

सावली खरोखर नाहीशी होते तो दिवस दुर्दैवाने सुट्टीत येतो : सावंतवाडीकडे ३ मेच्या सुमाराला, पुण्यात १३-१४ मे, नागपुरात २६ मे. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. सुट्टी लागताना तुमच्या गावची तारीख काढून मुलांच्या हाती द्या. मामाच्या गावी गेलेल्यांना तिथली.

चौथा, झटपट : वाटा की किलो?

आठवडी बाजारात भाजी वाट्यावर मिळते. दहा रुपयांचा वाटा घेतला तर किलोला किती पडली? हँगरच्या दोन टोकांना सारख्या झाकणांची पारडी बांधा. वजनं विकत आणू नका : १०० मिलिलिटर पाण्याचं वजन १०० ग्रॅम असतं. दोन सारख्या पिशव्या घ्या, एकीत मोजलेलं पाणी, दुसरीत भाजी. फक्त विक्रेत्या मावशींना आधी विचारा, आणि ‘तुम्ही महाग विकता’ असं मुलांनी बाजारात ओरडू नये याची तंबी द्या.

मोठ्यांचे हात खिशात

या सगळ्यात अवघड काम तुमचं आहे. काठी वाकडी उभी राहते आहे, मुलगी मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर लिहिते आहे, आणि तुमचा हात शिवशिवतो. कापणं सोडून कशालाही हात लावू नका. ‘कालचा आकडा बघ बरं, आजचा शेजारी ठेव’ एवढं पुरतं. वहीत १२ च्या खाली १.४ दिसलं की पडताळणारं पोर स्वतःच ओरडतं.

घरी काहीही पाठवू नका. प्रकल्प घरी गेला की तो पालकांचा होतो, आणि ज्याच्या घरी वेळ नाही त्याचा होतच नाही. सगळं काम शाळेत, वह्या शाळेत, खोकं शाळेत.

आणखी कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांचे व्हिडिओ बघा, मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका त्यांच्याच कामातून ओळखली जाते, आणि सहल तिकडे नेता आली तर सिंहगडाइतकीच मुलं खूश होतात. मात्र खेळणं करून झालं की तिथेच थांबू नका. भिरभिरं पंख लहान केले तर लवकर पडतं का, हे मोजायला लावा.

केंद्रप्रमुख भेटीला आले की भिंतीवर रंगीत तक्ते शोधतील. त्यांना गटाची वही द्या, चुकलेल्या अंदाजांसकट, आणि समजावून सांगायला लिहिणाऱ्या मुलाला पुढे करा. परतीचा पाऊस संपला की बाटली आत घ्या, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. वही मात्र कपाटात जपून ठेवा. पुढच्या जूनला नव्या तिसरीला पहिला अंदाज करायला मागच्या वर्षीचे आकडे लागतील.